राजा झालेला चार्ली

चार्लीच्या अंगावर अस्वलाचं कातडं आहे. डोक्यावर मात्र तीच काळी गोल टोपी आणि ओठावर तीच आखूड मिशी. रानात येऊन तो उभा राहतो, चहूकडं नजर टाकतो, पाइप काढतो. तंबाखू जवळ नाही. मग तो अंगावरच्या कातड्याचेच केस उपटतो, पाइपात ठासून भरतो आणि निवांत ओढायला लागतो. चार्ली चॅप्लिनच्या ‘हिज प्रीहिस्टॉरिक पास्ट’ या मूकपटातला हा क्षण मला इतका आवडला, की पुढचा सगळा सिनेमा मी त्याच्या जिवावर काढला. आता पुन्हा असं काहीतरी येईल, या वळणावर नाही तर पुढच्या वळणावर येईल, असं वाटत राहिलं. ते आलं नाही. सिनेमा संपला तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. आवडत्या माणसाच्या घरी जावं आणि त्यानं दारातच परक्यासारखं बोलावं, तसं झालं.

चार्लीवर माझं लहानपणापासून प्रेम आहे. ते जडलं बालाघाटच्या माथ्यावर, पाटोदा तालुक्यातल्या एका खेड्यात. जमीन मुरमाड, खाली काळा कातळ, पाऊस मनाला येईल तेव्हा. गावात टीव्ही असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी, आणि टीव्ही असला तरी वीज असेलच असं नाही. चार्लीचे छोटे मूकपट कधीमधी लागायचे तेव्हा ओसरी भरून जायची. माझी आजी पुढं बसायची. तिला अक्षरओळख नव्हती. हिंदी सिनेमा लागला की ती मला सारखी विचारायची, “काय म्हणतंय रं ते?” चार्ली लागला की उलटं व्हायचं. तीच मला सांगायची. “आता ह्यो पोलीस मागनं येतोय बघ.” “भूक लागलीय त्याला, म्हणून ते भाकरीकडं बघत नाही, उगं दुसरीकडं बघतंय.” ती त्याला ‘ते टोपीवालं लेकरू’ म्हणायची. भुकेलं माणूस भाकरीवरून नजर मुद्दाम काढून घेतं, हे मला सिनेमाच्या कुठल्याही पुस्तकानं शिकवलं नाही. आजीनं शिकवलं. तिनं तरणेपणी कितीतरी हंगाम ऊसतोडीला काढले होते.

बीड जिल्ह्याबाहेरच्या वाचकाला हे थोडं सांगायला हवं. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फेडायला ही जोडी पश्चिम महाराष्ट्रातल्या नाही तर कर्नाटकातल्या साखर कारखान्यावर जाते आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. तिकडं राहायला कोपी. बांबूच्या कामट्या वाकवायच्या, वर चटई, पाचट, आता ताडपत्री. वाकून आत शिरायचं. थंडीच्या पहाटे चूल पेटवून भाकरी करून घ्यायची आणि अंधारातच फडात उतरायचं. दिवसभर ऊस तोडायचा, साळायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावरून गाडीत भरायच्या. रात्री बैलांपुढं वाढं टाकायचं. मागं गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं. या पोरांची शाळा सुटू नये म्हणून त्या महिन्यांपुरती हंगामी वसतिगृहं चालवतात.

अशाच एका वसतिगृहातल्या पोरांना आम्ही चार्ली दाखवत होतो. माझा मित्र त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. दिवस हुरड्याचे होते, रात्री कडाक्याची थंडी, पोरं चादरी गुंडाळून बसलेली. भिंतीवर पांढरं धोतर ताणून बांधलेलं. ‘द गोल्ड रश’मधला बुटाचा प्रसंग पोरांनी आधी पाहिला होता आणि त्या प्रसंगानं ती वेडी झाली होती. म्हणून त्या रात्री नवा चार्ली निवडताना मला हा आदिमानवाचा सिनेमा सुचला. पाचवीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात अश्मयुग आहेच. दगडी हत्यारांची चित्रं आहेत. चार्ली आणि अश्मयुग, दोन्ही एकदम.

गोष्ट अशी. बागेतल्या बाकावर चार्ली झोपतो आणि त्याला स्वप्न पडतं की आपण अश्मयुगात आहोत. तिथं त्याचं नाव वीकचिन, म्हणजे दुबळ्या हनुवटीचा. तिथला राजा लोब्राउ. धिप्पाड, दाढीवाला, खूप बायकांचा नवरा. चार्लीला राजाची आवडती राणी आवडते. आधी मारामारी होते, मग राजाशी दोस्ती होते. दोघं शिकारीला जातात. कड्याच्या टोकाशी चार्ली राजाला खाली लोटतो, परत येतो आणि मीच राजा म्हणून मिरवायला लागतो. राजा मात्र मेलेला नसतो. तो येतो, चार्लीच्या डोक्यात दगड घालतो. चार्ली जागा होतो तर बागेतला पोलीस त्याला उठवतोय.

पहिल्या चार-पाच फटक्यांना पोरं हसली. टोपीला हसली, केसांच्या तंबाखूला तर खूपच हसली. मग चुळबुळ सुरू झाली. मागं दोघांची चादरीवरून झोंबाझोंबी लागली. चार्ली राजा होऊन लोकांना हुकूम सोडायला लागला तेव्हा पुढं बसलेली एक मुलगी मित्राकडं वळून म्हणाली, “सर, बुटाचं लावा की परत.”

तिचं बरोबर होतं. का बरोबर होतं, ते मी नंतर बरेच दिवस मनात घोळवत राहिलो.

सिनेमा वाईट का झाला याचं एक उत्तर सरळ आहे. कीस्टोन कंपनीतला हा चार्लीचा शेवटचा सिनेमा, 7 डिसेंबर 1914 ला पडद्यावर आलेला. त्या एका वर्षात त्यानं तिथं पस्तीसच्या आसपास सिनेमे केले होते. फेब्रुवारीत त्याला कुणी ओळखत नव्हतं, डिसेंबरात सगळे त्याच्या मागं लागले होते. कीस्टोनमध्ये त्याला आठवड्याला 150 डॉलर मिळत. एसॅने कंपनीनं 1,250 देऊ केले. पुढं 1964 मध्ये आलेल्या आत्मचरित्रात त्यानं मोकळेपणानं लिहिलंय की, या सिनेमाच्या वेळी नव्या कंपन्यांचे प्रस्ताव समोर असल्यामुळं कामात लक्ष लागत नव्हतं. तिथंच हेही सांगितलंय की सगळा सिनेमा एका गमतीतून सुरू झाला. ती म्हणजे कातड्याचे केस पाइपात भरणं. म्हणजे मला आवडलेला तो एक क्षण त्याच्याही मनात आधी आला होता, आणि बाकीचं त्याच्याभोवती घाईनं रचलेलं होतं. हे वाचल्यावर मला त्याच्याबद्दल आणखी माया वाटली. पंचवीस वर्षांचा पोरगा तो. आयुष्यात पहिल्यांदाच दारात पैसा येऊन उभा राहिलेला.

पण घाईत केलेले त्याचे दुसरेही सिनेमे आहेत आणि ते जिवंत आहेत. इथं दुखणं वेगळं आहे, आणि त्याचा थोडा भाग त्या काळाच्या माथी जातो.

1914 मध्ये लोकांच्या डोळ्यांसमोर आदिमानव कसा होता? केसाळ, पोक काढून चालणारा, हातात सोटा घेतलेला, बाईला फरफटत नेणारा. हे चित्र आलं कुठून? 1908 मध्ये फ्रान्समधल्या ला शापेल-ओ-सँ या ठिकाणी एका गुहेत निअँडरथल माणसाचा जवळजवळ पुरा सांगाडा सापडला. मार्सेलँ बूल या नामांकित शास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास करून 1911 ते 1913 या काळात मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला माणूस वाकलेल्या गुडघ्यांचा, पुढं झुकलेल्या मानेचा, अर्धा वानर वाटावा असा होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी आणि चित्रकारांनी तो उचलला. अमेरिकेत डी. डब्ल्यू. ग्रिफिथनं 1912 मध्ये ‘मॅन्स जेनेसिस’ हा गंभीर सिनेमा काढला होता. त्यात ब्रूटफोर्स नावाच्या दांडगटाला वीकहँड्स नावाचा दुबळा तरुण दगडी सोट्याच्या शोधानं हरवतो. चार्लीचं वीकचिन हे नाव उघडच त्याची नक्कल. त्याला टिंगल करायची होती ती ग्रिफिथच्या पोशाखी गांभीर्याची, आणि त्यात वावगं काही नाही. फक्त टिंगल करताना त्यानं तो केसाळ, सोटेवाला माणूस जसाच्या तसा घेतला.

पुढं 1957 मध्ये दोन शरीरशास्त्रज्ञांनी तो सांगाडा पुन्हा तपासला. त्यांना दिसलं की त्या माणसाच्या सांध्यांना आणि मणक्याला संधिवातानं घेरलं होतं. म्हणजे सगळ्या आदिमानवजातीची चाल म्हणून जगानं जे पाहिलं, ती एका दुखणाईत माणसाची चाल होती. त्या दोघांनी असंही लिहिलं की, अशा निरोगी माणसाला न्हाऊमाखू घालून, दाढी करून, आजचे कपडे चढवून न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत बसवलं तर बहुधा कुणी वळून बघणार नाही. आणि एक गोष्ट, जी मला कधीच विसरता येत नाही. त्या सांगाड्याच्या जबड्यात बरेचसे दात नव्हते. ते जिवंतपणीच पडले होते आणि त्यांच्या जागेचं हाड भरून आलं होतं. त्यासाठी काळ जावा लागतो. म्हणजे दात गेल्यावरही तो माणूस जगला होता. त्याला आसपासच्या माणसांनी सांभाळलं असणार, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटत आलंय.

हे मला परकं वाटत नाही. आमच्या गावात दिवाळीनंतर मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना शेजारची पोर भाकर दुधात कुस्करून देते.

आणि आदिमानव काही फ्रान्सचीच मिरासदारी नाही. आमच्या आष्टीची शीव ओलांडली की अहिल्यानगर जिल्हा लागतो. तिथं प्रवरेच्या काठी नेवासं. ज्ञानदेवांनी ज्या गावात ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच गावात हसमुख धीरजलाल सांकलियांनी 1954 पासून डेक्कन कॉलेजतर्फे उत्खनन केलं. नदीच्या थरांतल्या गोट्यांत त्यांना लाखो वर्षांपूर्वीच्या माणसांची दगडी हत्यारं मिळाली. जवळच चिरकी इथं गुद्रुन कोर्विनुस या जर्मन संशोधिकेनं 1966 ते 1969 या काळात माणसांचं हत्यारं घडवण्याचं ठिकाणच उकरून काढलं. तिकडची हातकुऱ्हाड आपल्याच बालाघाटासारख्या काळ्या दगडाची, बेसॉल्टच्या कुळातली. दोन्ही बाजूंनी टवके काढलेली, टोकाकडं निमुळती, दोन्ही अंग जवळजवळ सारखी. सारखी कशासाठी? कापायला, सोलायला तेवढ्या नेटकेपणाची गरज नसते. तो दगड कुणीतरी हातात फिरवून, डोळ्यांसमोर धरून, अजून एक टवका काढावा का याचा विचार केला होता. आणि जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे इथं सापडलेला शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा: सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वी कुणीतरी त्यावर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरली. महाराष्ट्रात तेव्हा शहामृग फिरत होते, आणि अंडं खाऊन झाल्यावर कवच हातात घेऊन बसावंसं वाटणारी माणसंही होती.

ही माणसं ढ असतील तरी कशी? उघड्या हातांनी जगणारा माणूस ढ असूच शकत नाही. त्याला परवडत नाही. कोपी बांधताना आमच्या बाया वाऱ्याची दिशा बघतात, चुलीला आडोसा कुठं हवा ते ओळखतात, अंधारात हाताच्या अंदाजानं पीठ मळतात. फडाशेजारी ताडपत्री ठोकून चार माणसांचं घर तासाभरात उभं करणाऱ्या बाईला कुणी अडाणी म्हणतं तेव्हा मला राग येतो. तोच राग मला त्या सिनेमातल्या सोट्यांचा आला. साधनं थोडी म्हणजे अक्कल थोडी, या एका समजुतीवर तिथला सगळा विनोद उभा आहे. चार्लीचा स्वतःचा विनोद याच्या नेमका उलटा आहे. त्याच्याकडं काहीच नसतं, आणि म्हणून त्याला सतत काहीतरी सुचत असतं. केस उपटून पाइप भरणारा चार्ली आमचा आहे. नेवाशाच्या त्या कारागिराचा तो सख्खा भाऊ आहे. सोटा घेऊन धावणारा चार्ली कुणाचाच नाही.

आता राजाकडं येतो.

त्या सिनेमात राजाचं काम मॅक स्वेन या नटानं केलंय. उंचनिंच, आडदांड, काजळ घातल्यासारख्या डोळ्यांचा. हाच मॅक स्वेन अकरा वर्षांनी, 1925 मध्ये, ‘द गोल्ड रश’मध्ये पुन्हा चार्लीसमोर उभा राहिला, बिग जिम म्हणून. मी हे दोन सिनेमे शेजारी ठेवून बघतो तेव्हा थक्क होतो. तीच दोन माणसं. एक थोराड, एक किरकोळ. तीच टोपी. दोन्हीकडं माणूस निसर्गाच्या ताब्यात सापडलेला. एकीकडं रान, दुसरीकडं बर्फ. दोन्हीकडं कडादेखील आहे. पहिल्यात चार्ली मॅक स्वेनला कड्यावरून लोटून देतो आणि राजा होतो. दुसऱ्यात वादळानं सरकत गेलेली लाकडी खोपटी कड्याच्या टोकावर निम्मी बाहेर लटकतेय आणि आत ही दोघं. एकानं पाऊल टाकलं की खोपटी कलते, एक खोकला तरी दोघांचा जीव जातो. तिथं जगायचं तर दोघांनी एकमेकांचा तोल सांभाळायचा.

आणि बूट. आमच्या पोरांनी पुन्हा मागितलेला तो प्रसंग. बाहेर हिमवादळ, खोपटीत खायला काही नाही. चार्ली स्वतःच्या पायातला बूट शिजवतो. शिजलाय का ते टोचून बघतो, रस्सा वरून ओततो, ताटात वाढतो. आधी मोठा वाटा स्वतःकडं येतोय असं दिसतं, बिग जिम ताटं बदलून घेतो. चार्लीच्या वाट्याला तळवा येतो. नाड्या तो शेवयांसारख्या गुंडाळून खातो, खिळे नळीच्या हाडासारखे चोखतो. तो बूट ज्येष्ठमधाच्या मिठाईचा बनवलेला होता. हे पोरांना सांगितलं तेव्हा त्यांनी ते मानायलाच नकार दिला. ही कल्पना चार्लीला सुचली 1846-47 च्या हिवाळ्यात सिएरा नेवाडाच्या बर्फात अडकलेल्या डॉनर तांड्याची हकीकत वाचून. तिथं माणसांवर चामडं खायची आणि त्याहून भयंकर वेळ आली होती. त्या भयातून त्यानं हे हसू काढलं. सुरुवातीची बर्फातली ती लांबलचक माणसांची रांग त्यानं ट्रकीजवळ चित्रित केली, आणि त्या रांगेत चालायला सॅक्रामेंटोहून शेकडो बेघर, फिरस्ती माणसं आणली होती. पडद्यावर खिंड चढणारी ती माणसं खरोखरच कुठंतरी पोट भरायला निघालेल्यांतली होती.

चार्लीला भूक अंगावर ठाऊक होती. 1896 मध्ये, सात वर्षांचा असताना, तो आई हॅना आणि भाऊ सिडनी यांच्यासह लंडनच्या लॅम्बेथमधल्या अनाथ-गरिबांच्या कामघरात दाखल झाला. तिथून दोघा भावांना हॅनवेलच्या निवासी शाळेत पाठवलं. आई एकीकडं, पोरं एकीकडं. तो तिथं सुमारे दीड वर्ष राहिला. गजकर्ण झालं म्हणून त्याचं डोकं भादरलं होतं. आत्मचरित्रात एक दिवस आहे: आईनं कामघरातून तिघांची सुटका करून घेतली, आपापले जुने कपडे अंगावर चढवून तिघं केनिंग्टनच्या बागेत गेले, वर्तमानपत्राच्या कागदाचा चेंडू करून खेळले, सिडनीजवळच्या थोड्याशा पैशांतून चेरी घेऊन खाल्ल्या, आणि संध्याकाळी पुन्हा कामघराच्या दारात जाऊन उभे राहिले. एवढ्यासाठी आईनं सगळी खटपट केली होती. एक दिवस पोरांबरोबर मिळावा म्हणून.

पोरं चादरीत गुंडाळून त्या धोतराच्या पडद्याकडं बघत होती तेव्हा माझ्या मनात हॅनवेल होतं. यांचेही आईबाप दूरवरच्या फडात. संक्रांतीला एखादी आई मुकादमाकडून दोन दिवसांची सुटी मागून एसटीनं येते, पोराला न्हाऊ घालते, तिळगूळ देते, रात्री शेजारी घेऊन झोपते आणि दुसऱ्या दिवशी परत जाते. पोरांना यातलं काही सांगितलं नाही. सांगायची गरजच नव्हती. पडद्यावरचा माणूस आपल्यातला आहे की नाही, हे त्यांना आधीच कळतं. बुटाचा वाटा होताना त्यांचे डोळे ताटावर खिळले होते, कुणाला केवढा तुकडा गेला हे ती मोजत होती. आणि अश्मयुगातला राजा झालेला चार्ली बायकांना नाचवत होता तेव्हा तीच पोरं एकमेकांच्या चादरी ओढत होती.

त्या सिनेमातल्या चार्लीला भूक नाही. थंडी नाही. गमावण्यासारखं काही नाही, म्हणून जपण्यासारखंही काही नाही. तो राजाला लोटतो ते गंमत म्हणून, आणि सत्ता हाती आल्यावर आधीच्या राजासारखाच वागतो. दुबळ्या हनुवटीच्या माणसानं दांडगटाची जागा घ्यायची आणि दांडगट व्हायचं, यात मला हसू येत नाही. शेवटी पोलीस त्याला बाकावर जागं करतो तेव्हा मात्र माझ्या जिवात जीव येतो. टोपी, फाटकी विजार, बाक, पोलीस. परत आला आपल्या मुलखात, असं वाटतं. पुढच्याच एप्रिलमध्ये, 1915 मध्ये, ‘द ट्रॅम्प’ आला. त्यात त्याला एका शेतकऱ्याच्या घरी आसरा मिळतो, मुलगी आवडते, तिचं दुसऱ्यावर प्रेम असतं, आणि तो गाठोडं घेऊन एकटा वाटेला लागतो. राजेपण उतरवून ठेवल्यावर त्याला जे सापडलं, ते हे.

मला राहून राहून वाटतं, चार्लीनं अश्मयुगाचा सिनेमा सावकाश करायला हवा होता. ‘द गोल्ड रश’ झाल्यावर, हातात वेळ असताना. त्यात सोटे नकोत. एक थंडीची रात्र हवी. नदीकाठ, गोटे, मागं काळा डोंगर. चार्ली दगडातून टवका काढायला बसलाय आणि प्रत्येक घावाला दगडाऐवजी अंगठा सापडतोय. शेजारचा कारागीर न बघता सुरेख हातकुऱ्हाडी पाडतोय आणि चार्ली त्याच्याकडं बघत नाही, उगीच दुसरीकडं बघतोय. त्याच्या वाट्याला शेवटी एक वाकडीतिकडी फोड येते, आणि तिच्यानंच तो अंड्याच्या कवचावर रेघा ओढत बसतो. गुहेत एक बोळका म्हातारा आहे, संधिवातानं वाकलेला, सगळ्यांवर खेकसणारा. शिकारीचा तुकडा आला की सगळे आपापला वाटा घेऊन बाजूला होतात. चार्लीच्या हातात सगळ्यात लहान तुकडा. तो तोंडात टाकतो, चावतो, चव लागते, डोळे मिटतात. मग म्हातारा समोर बोळकं उघडून बसलाय हे दिसतं. चार्ली चावायचं थांबतो. म्हाताऱ्याकडं बघतो, तोंडातल्या घासाचा विचार करतो, पाठ फिरवतो, पुन्हा वळतो. घास काढून त्याला द्यायचा हे ठरलेलंच आहे, पण त्याआधी अजून एकदा, फक्त एकदा, चघळून घ्यायचं आहे. हा झगडा चार्लीनं पाच मिनिटं चालवला असता आणि आजीनं ओसरीवरून सगळ्यांना आधीच सांगून टाकलं असतं, “देतंय बघा आता.”

म्हातारा म्हणून मॅक स्वेनच हवा. एवढा धिप्पाड माणूस, दात पडलेला, आणि त्याला भरवणारा तो टोपीवाला.